भिंतीवर क्युपिड आला म्हणून खोलीचा भाव बदलतो का? व्हर्मीरच्या 'पत्र वाचणाऱ्या मुली'वर चर्चा

अजिंक्यतारा

साताऱ्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा सदाशिव पेठेत एका मित्राकडे जमतो. एकच चित्र मोठं छापून मधे ठेवायचं आणि त्यावर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. या वेळी सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचं 'उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी' घेतलं होतं. उठायची वेळ झाली तरी वाद मिटला नाही, म्हणून इथे धागा काढतोय. ज्यांनी चित्र पाहिलं नसेल त्यांनी मोबाईलवर काढून समोर ठेवा. जुनं रूप आणि नवं रूप, दोन्ही ठेवा. का ते पुढे सांगतो.

आधी चित्रात काय आहे ते. डावीकडे आत उघडलेली खिडकी, तिच्या वरून टाकलेला लाल पडदा. खिडकीशी एक तरुण मुलगी उभी आहे, आपल्याला एका बाजूने दिसते. दोन्ही हातांत पत्र, नजर कागदावर. खिडकीच्या काचेत तिच्या चेहऱ्याचं अंधुक प्रतिबिंब. तिच्या आणि आपल्या मधे गालिचा टाकलेलं टेबल. हॉलंडात तेव्हा असे महागडे गालिचे जमिनीवर न अंथरता टेबलावर टाकत. गालिचा चुरगळलेला, त्यावर निळं-पांढरं चिनी भांडं कललेलं, फळं बाहेर घरंगळलेली. एक पीच अर्धं कापलेलं, आतली कोय दिसते. आणि अगदी पुढे, उजव्या हाताला, दांडीवर सरकवलेला हिरवा पडदा. हा पडदा खोलीतला वाटतच नाही, चित्राच्या पुढ्यात आपल्या बाजूला टांगल्यासारखा वाटतो.

आता भिंतीची गोष्ट. चित्र साधारण १६५७ ते १६५९ मधलं, आज जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. १७४२ साली सॅक्सनीच्या दरबारात आलं तेव्हा ते रेम्ब्रांटचं समजलं जात होतं. तेव्हापासून लोकांनी जी पाहिली ती मुलीच्या मागची भिंत कोरी होती. १९७९ साली क्ष-किरण तपासणीत त्या भिंतीखाली एक मोठं चित्र दिसलं. प्रेमाचा देव क्युपिड, उभा, हातात धनुष्य. तेव्हा सगळे धरून चालले की व्हर्मीरनेच आधी क्युपिड काढला आणि मग विचार बदलून पुसला. कोऱ्या भिंतीवर किती लिहिलं गेलं! एकांत, मौन, चित्रकाराचा संयम.

२०१७ पासून चित्राची साफसफाई सुरू झाली आणि वरच्या रंगाचे थर तपासले गेले. क्युपिड आणि वरचा भिंतीचा रंग यांच्या मधे जुनं व्हार्निश आणि त्यावर बसलेली धूळ सापडली. म्हणजे चित्र पूर्ण झालं, व्हार्निश लागलं, मळलं आणि काही दशकांनी कुणीतरी क्युपिड झाकला. व्हर्मीर १६७५ सालीच, ४३ व्या वर्षी वारला होता. झाकणारा हात त्याचा असणं शक्य नव्हतं. मग मूळ व्हार्निशला धक्का न लावता, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने वरचा रंग कणाकणाने काढला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये क्युपिडसह चित्र लोकांसमोर ठेवलं. आता दिसतं की क्युपिडच्या पायाखाली मुखवटे आहेत. मुखवटे म्हणजे कपट, ढोंग. खरं प्रेम ते तुडवतं, असा अर्थ लावला जातो.

माझं म्हणणं असं, आणि यावरच आमच्याकडे भांडण झालं: खोलीच्या चित्राचा भाव चिन्हांच्या आधी ठरतो. उजेड कुठून येतो, माणूस किती लांब उभं आहे, आपल्या वाटेत काय काय ठेवलंय, यावर आपण अगोदरच शांत होतो किंवा अस्वस्थ होतो. क्युपिड, फळ, पडदा यांचे अर्थ नंतर येतात आणि त्या भावाला फक्त दिशा देतात. तुम्हाला काय वाटतं?

---

खडू आणि फळा

मी चित्रकला शिकवतो. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना स्थिरचित्र शिकवताना पहिल्यांदा हेच सांगावं लागतं की वस्तू नंतर, आधी त्यांच्या मधली जागा बघ. त्यामुळे धागाकर्त्याशी मी सहमत आहे, पण 'उजेड, अंतर' एवढ्यावर थांबू नये. व्हर्मीरने हे कसं केलंय ते बघा.

चित्राच्या खालच्या भागातून आपल्याला मुलीपर्यंत चालत जायचं आहे असं समजा. पहिली अडचण पडद्याची. दुसरी टेबलाची. तिसरी गालिच्याच्या त्या ढिगाची, जो मुद्दाम उंच उचलून ठेवल्यासारखा आहे. मुलीचा कमरेखालचा भाग आपल्याला दिसतच नाही. ती लहान दिसते, तिच्या डोक्यावर पुष्कळ खोली उरते. खिडकी तिच्या बाजूला उघडी आणि आपल्या बाजूला सगळं बंद. एवढी तटबंदी असताना ती आपल्याकडे पाठ करून उभीही नाही. चेहरा अर्धा दिसतो, काचेत आणखी थोडा दिसतो. दिसते, पण पोचता येत नाही. माझ्या मते या चित्राचा भाव नेमका इथे आहे.

क्ष-किरणात आणखी एक गोष्ट दिसली होती, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हर्मीरने आधी एक मोठा काचेचा पेला रंगवला होता. तो त्याने स्वतः काढून टाकला आणि तिथे हा हिरवा पडदा आला. चित्रकार म्हणून मला हा निर्णय क्युपिडपेक्षा मोठा वाटतो. पेला ही पुन्हा एक वस्तू, पुन्हा एक चिन्ह. पडदा आल्यावर त्या जागेचं काम बदललं. आता बघणारा म्हणून तुम्ही कुठे उभे आहात हे ठरलं. तुम्ही पडद्याच्या अलीकडे आहात.

एक प्रयोग करा. मोबाईलवर नवं रूप उघडा आणि अंगठ्याने फक्त क्युपिड झाका. मग अंगठा काढा आणि हिरवा पडदा झाका. कशाने जास्त फरक पडतो ते इथे लिहा.

---

कोरेगावकर

प्रयोग केला. पडदा झाकल्यावर ती मुलगी एकदम उघडी पडल्यासारखी वाटली. क्युपिड झाकल्यावर खोली मोठी झाली.

पण मला विचाराल तर पत्र वाईट बातमीचं आहे. तोंड बघा तिचं.

---

उत्तरमांड

धागाकर्ते आणि गुरुजी दोघांचाही रोख मला पटत नाही. 'आधी भाव, मग चिन्ह' ही आपली, आजच्या बघणाऱ्यांची सोय आहे. आपल्याला ती चिन्हं ओळखीची नाहीत म्हणून ती नंतर येतात. डेल्फ्टमधल्या, म्हणजे व्हर्मीरच्या गावातल्या माणसाला ती पहिल्या नजरेत कळत होती.

उदाहरण देतो. गाब्रिएल मेत्सू हा त्याच काळातला चित्रकार. त्याचं पत्र वाचणाऱ्या बाईचं एक चित्र आज डब्लिनला आहे. बाई पत्र वाचतेय, शेजारी मोलकरीण उभी आहे आणि ती भिंतीवरच्या चित्रावरचा पडदा बाजूला करून बघतेय. त्या चित्रात काय? वादळात सापडलेली गलबतं. प्रेमात पडणं म्हणजे समुद्रावर जाणं, हा तेव्हाचा रुळलेला संकेत होता. बघणाऱ्याला बाईचा चेहरा वाचायची गरजच नव्हती, भिंतीवर लिहिलेलं होतं.

आणि मुखवटे तुडवणारा क्युपिड ही व्हर्मीरच्या मनातली गंमत नव्हे. प्रेमाच्या अशा प्रतिमा आणि त्यांखाली दोन ओळी, अशी पुस्तकं तेव्हा छापली जात. ओट्टो व्हान व्हेन यांचं तसलं पुस्तक १६०८ चं, म्हणजे चित्राच्या पन्नास वर्षं आधीचं. शिवाय हा क्युपिड व्हर्मीरने पुन्हा पुन्हा वापरला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या, वाद्याशी उभ्या असलेल्या बाईच्या मागे तोच आहे. व्हर्मीर वारल्यावर १६७६ साली घरातल्या सामानाची यादी झाली, तिच्यातही क्युपिडच्या एका चित्राची नोंद आहे. म्हणजे बहुधा ते चित्र खरोखर त्यांच्या घरात भिंतीवर होतं आणि तो ते हवं तेव्हा, हव्या त्या खोलीत टांगत होता.

आपल्याकडचं बघा. वाईच्या, मेणवलीच्या वाड्यांत दारावर गणपती असतो. आत येणारा थांबून अर्थ लावत बसतो का? पण तो गणपती काढून टाका आणि मग म्हणा, दाराचा भाव तोच राहिला. राहील का?

कोरी भिंत हा एका अनोळखी माणसाचा हात होता. त्यावर आपण एकांताचे इमले बांधले. आता तो हात पुसला गेलाय तर ते इमलेही उतरवायला हवेत.

---

मेणवलीचा घाट

मेणवलीचं नाव निघालं म्हणून लिहिते. लहानपण वाईतल्या एका वाड्यात गेलं, त्यामुळे हे चित्र बघताना माझं लक्ष क्युपिडवर नाही, खिडकीवर जातं.

आमच्या वाड्यात रस्त्याकडच्या भिंतीला खिडक्या म्हणजे जवळपास नव्हत्याच. होत्या त्या वरच्या मजल्यावर, लहान, जाड भिंतीत खोल बसवलेल्या. उजेड यायचा तो चौकातून, वरून. चौकाच्या भोवती ओसरी, ओसरीच्या आत सोपा, त्याच्या आत माजघर. जितकं आत जाल तितका अंधार. माजघरात भर दुपारी तांदूळ निवडायचे तर सूप घेऊन उंबऱ्याशी यावं लागायचं. आणि बायका असत माजघरात आणि स्वयंपाकघरात.

म्हणजे काय झालं? बाईला काही वाचायचं असलं तर उजेडासाठी ओसरीवर यायचं. ओसरीवर आलं की समोरच्या ओसरीवरून चार डोळे. एकांत हवा तर माजघर, आणि तिथे अक्षर लागत नाही. उजेड आणि एकांत हे दोन्ही एका बाईला एका वेळी मिळतील अशी जागाच त्या घरात नव्हती. रात्री सगळे निजल्यावर कंदील बारीक करून वाचायचं, तेवढंच.

या चित्रातल्या मुलीला दोन्ही मिळालेत. खिडकी तिची एकटीची आहे. उजेड सरळ कागदावर पडतोय आणि खोलीत कुणी नाही. मला हे चित्र पाहिल्यावर सगळ्यात आधी जे वाटतं ते हे. प्रेमपत्र आहे की नाही, पीच म्हणजे काय, हे सगळं मला त्याच्या पुढे लहान वाटतं. हेवा वाटतो तिचा, असं म्हटलं तरी चालेल.

उत्तरमांड, तुम्ही म्हणता डेल्फ्टच्या माणसाला चिन्हं लगेच कळायची. खरं असेल. पण डेल्फ्टच्या बाईला हेही कळत असणार की ती खिडकी काय चीज आहे.

---

अजिंक्यतारा

मेणवलीचा घाट, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. चित्रातली खोली ही नुसती पार्श्वभूमी नाही, घर कसं बांधलंय यावर कुणाला किती खाजगीपणा मिळतो हे ठरतं, हा मुद्दा आमच्या बैठकीत कुणाला सुचला नव्हता.

उत्तरमांड, तुमच्या गणपतीच्या उदाहरणावर: दारावरचा गणपती काढला तर दार ओकंबोकं वाटेल हे मान्य. पण ते ओकंबोकं वाटणं डोळ्याचं आहे, तिथे एक जड, रंगीत गोष्ट होती आणि आता नाही. ज्याला गणपती माहीत नाही अशा माणसालाही ते वाटेल. क्युपिडचंही मला हेच म्हणायचंय. भिंत कोरी होती तेव्हा मुलीचं डोकं मोकळ्या उजेडावर उठून दिसत होतं. आता तिच्या मागे मोठी काळी चौकट आहे, चौकटीत उघडं, मांसल अंग आहे आणि ते तिच्यापेक्षा मोठं आहे. तिच्या डोक्यावरची मोकळी जागा गेली. भाव बदलला हे मी नाकारत नाहीच, पण तो आधी वजनाने बदलला. क्युपिड म्हणजे प्रेम, हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही खोली भरलेली वाटेल. कोरेगावकरांनी क्युपिड झाकल्यावर 'खोली मोठी झाली' असं लिहिलंय. 'प्रेम गेलं' असं लिहिलेलं नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. हे चित्र रंगवलं गेलं त्याच सुमारास, १६५९ च्या नोव्हेंबरात, आपल्या प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला. त्याच काळात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. टेबलावरचं ते कललेलं चिनी भांडं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अशाच व्यापारातून डेल्फ्टमधल्या घरांत पोचत होतं. चित्रातली खोली कितीही बंद वाटली तरी तिच्या टेबलावर अर्धं जग येऊन पडलेलं आहे. आणि ती त्यातल्या कशाकडेही बघत नाही, ती कागदाकडे बघतेय.

---

वाठार स्टेशन

पहिल्यांदाच लिहितोय इथे. चित्रातलं मला फारसं कळत नाही, पण पत्रातलं कळतं.

आमच्या जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण आमच्याही आळीत घरटी एक फौजी होता. माझे चुलते फौजेत होते. त्यांचं पत्र यायचं ते निळं आंतरदेशीय, मागे पाठवणाऱ्याच्या जागी नंबर, नाव आणि मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. म्हणजे माणूस नक्की कुठे आहे ते पत्रावरून कळायचं नाही.

चुलतीला वाचता यायचं नाही. पत्र आलं की पोस्टमन ओट्यावर बसायचा, चुलती केसातला आकडा काढून द्यायची, त्याने तो कडेने पत्र फोडायचा. पाणी पिऊन मग मोठ्याने वाचायला सुरुवात. तीर्थरूप दादांना आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार. मग भावांची नावं, मग पोरांची नावं, मग म्हशीची चौकशी, विहिरीच्या पाण्याची चौकशी, मनीऑर्डर पोचली का. सगळी आळी ऐकायची. चुलती दाराच्या आत, चौकटीला धरून उभी. तिच्यासाठी पत्रात ओळ नसायची. लिहिणाऱ्याला माहीत होतं की हे सगळ्यांसमोर वाचलं जाणार आहे, मग तो काय लिहिणार? 'घरच्या सर्वांनी तब्येतीस जपावे.' त्या 'सर्वांनी'मध्ये ती.

वाचून झालं की पत्र ती घ्यायची आणि डब्यात ठेवायची. पार्ले बिस्किटाचा पत्र्याचा चौकोनी डबा होता. नंतर दुपारी एकटी असली की काढून बघायची. वाचता येत नसताना बघायची. मी पाहिलेलं आहे.

म्हणून मला या मुलीकडे बघून वाटतं ते असं की ती बातमी वाचत नाहीये. बातमी एकदा वाचून झाली असेल. ती आता दुसऱ्यांदा वाचतेय. बातमी वाचणाऱ्याचा जीव वर असतो, हात हलतो. हिचे हात किती स्थिर आहेत बघा. कोरेगावकर म्हणतात तोंड वाईट बातमीचं आहे. मला ते तोंड पुन्हा वाचणाऱ्याचं वाटतं.

---

मेणवलीचा घाट

वाठार स्टेशन, तुम्ही लिहीत जा हो. चौकटीला धरून उभं राहणं डोळ्यांसमोर आलं.

---

खडू आणि फळा

वाठार स्टेशन यांनी हातांबद्दल लिहिलंय ते चित्राच्या अंगानेही बरोबर बसतं. कोपर अंगाला टेकलेले, कागद छातीच्या उंचीवर, दोन्ही हातांनी धरलेला. ही पोझ बराच वेळ टिकणारी आहे. दचकलेलं, हादरलेलं माणूस असं उभं राहत नाही. व्हर्मीरने चेहऱ्यावर भाव जवळजवळ काढलाच नाही, आणि म्हणून प्रत्येकजण आपापलं पत्र त्यात वाचतो. मात्र त्याने शरीर नेमकं काढलंय. भाव ओळखायचा तर तोंडाच्या आधी खांदे आणि हात बघावेत, असं मी मुलांना सांगतो.

आणि काचेतलं प्रतिबिंब. ते तिच्या चेहऱ्यापेक्षा गडद आणि विरलेलं आहे, खिडकीच्या छोट्या छोट्या तावदानांत तुटलेलं. ती स्वतःकडे बघत नाही, तिला ते दिसतही नसेल. ते फक्त आपल्यासाठी आहे. याला कुणी चिन्ह म्हणेल, कुणी चित्रकाराचं कसब म्हणेल. मला तो या सगळ्या चित्रातला सगळ्यात उदास भाग वाटतो आणि त्याचा क्युपिडशी काही संबंध नाही.

---

औंधकर

चर्चा फार चांगली चाललीय. एक वेगळा मुद्दा.

आमच्या औंधला मूळपीठाच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं. राजा स्वतः चित्रकार होता, त्यामुळे संग्रहही चित्रकाराच्या नजरेचा. तिथे राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे. शाळेच्या सहली येतात तेव्हा मी पाहिलंय, पोरं चित्रापुढे आली की बाई आधी गोष्ट सांगतात. द्रौपदी अज्ञातवासात दासी झालीय, कीचकाची नजर वाईट आहे, राणी तिला त्याच्याकडे पाठवतेय. गोष्ट ऐकली की पोरांना चित्रात भीती दिसते. गोष्टीशिवाय त्यांना काय दिसलं असतं?

रविवर्म्याच्या बघणाऱ्याला गोष्ट घरूनच माहीत असायची. चित्रकाराला फक्त क्षण निवडायचा होता. व्हर्मीरच्या मुलीला गोष्ट नाही. तिला नाव नाही. पत्र कुणाचं ते नाही. अशा वेळी भिंतीवरचा क्युपिड हा गोष्टीचा तेवढाच एक धागा हातात येतो. तो धागा एका माणसाने झाकला आणि पुढच्या लोकांनी बिनगोष्टीचं चित्र पाहिलं. मला वाटतं, उत्तरमांड म्हणतात ते इतकं खरं आहे की चित्रकाराने दिलेला धागा आपल्याला परत मिळाला हे चांगलंच झालं. पण तो धागा फार लांब जात नाही. प्रेमाचं पत्र आहे, एवढंच कळलं. सुखाचं की विरहाचं, आलेलं की धाडायचं, हे क्युपिड सांगत नाही. तिथे पुन्हा गुरुजींचे खांदे-हात आणि वाठारच्या भाऊंची चुलती, यांच्याकडेच यावं लागतं.

---

कोरेगावकर

मला एक सांगा, काढायला हवं होतं का ते वरचं रंगवलेलं? इतकी वर्षं लोकांनी कोरी भिंतच बघितली, तीच डोक्यात बसली. मी जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून बघतोय. जुनं जास्त आवडतं. क्युपिड आला आणि कुणीतरी खोलीत शिरून सांगितल्यासारखं झालं की हे असं आहे बरं का.

---

उत्तरमांड

कोरेगावकर, आवड तुमची, त्यावर वाद नाही. पण काढलं ते योग्यच केलं. व्हर्मीरची उणीपुरी पस्तीस-सदतीस चित्रं आज उरलीत. त्यातल्या एकात मोठ्या भागावर परक्या माणसाचा रंग आहे हे पुराव्याने कळल्यावर ते तसंच ठेवणं म्हणजे माहीत असून भलत्याची सही चालवून घेणं.

आणि जुनं जास्त आवडतं म्हणता त्याबद्दल. मला उलट वाटतं. कोऱ्या भिंतीसमोर ती मुलगी जरा गोड दिसत होती, कॅलेंडरवर शोभेल अशी. आता तिच्या मागे मुखवटे तुडवणारा देव उभा आहे. समोर कापलेलं फळ, कललेलं भांडं. फळाकडे बघून कुणी ईव्हचं फळ म्हणतं, मोह म्हणतं, लग्नाबाहेरच्या प्रेमाची शंका घेतं. मागचा क्युपिड खोटं पायाखाली घेतो आणि पुढचं फळ शंका आणतं. ती या दोघांच्या मधे उभी आहे. हा ताण कोऱ्या भिंतीत नव्हता. खोली भरली, हे अजिंक्यतारांचं बरोबर. पण कशाने भरली याला महत्त्व आहे. तिथे नकाशा टांगला असता, आणि व्हर्मीरने इतर चित्रांत नकाशे टांगलेत, तर वजन तेवढंच आलं असतं. ताण आला नसता.

---

अजिंक्यतारा

नकाशाचा मुद्दा जबरदस्त आहे, उत्तरमांड. वजन तेच ठेवून चिन्ह बदललं तर काय होईल, हाच खरा कस. आमच्या बैठकीत हे करून बघणार आहे. क्युपिडच्या जागी तेवढ्याच आकाराचा नकाशा चिकटवून छापतो आणि ज्यांनी चित्र आधी पाहिलं नाही अशांना दोन्ही दाखवतो, काही न सांगता.

तरी माझा एक आग्रह कायम आहे. तुम्ही म्हणता तो ताण फळ आणि क्युपिड यांचे अर्थ माहीत असणाऱ्याला जाणवतो. वाठार स्टेशन यांना दोन्ही माहीत नव्हते आणि त्यांनी या धाग्यात चित्राबद्दलची मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट लिहिली, की ती दुसऱ्यांदा वाचतेय. ती त्यांना चित्रातल्या हातांवरून कळली. क्युपिड असता-नसता तरी कळली असती.

---

मेणवलीचा घाट

हिरव्या पडद्याबद्दल कुणीच पुढे बोललं नाही. त्या काळात हॉलंडात मौल्यवान चित्रांवर धूळ बसू नये म्हणून दांडी लावून पडदे टांगत, हे मी वाचलंय. मेत्सूच्या चित्रात मोलकरीण बाजूला करते तो तसाच. म्हणजे व्हर्मीरच्या पडद्याचा एक अर्थ असा होतो की आपण खोलीत डोकावत नाही आहोत, आपण चित्राचा पडदा बाजूला करून चित्र बघतोय. दुसरा अर्थ, पडदा खोलीतलाच आहे आणि आपण चोरून बघतोय.

मला दुसऱ्याने अवघडल्यासारखं होतं. इतक्या कष्टाने मिळालेला तिचा एकांत, आणि आपण सगळे इथे उभे. पहिल्या अर्थाने ते अवघडलेपण जातं. व्हर्मीरने ठरवून दोन्ही अर्थ उघडे ठेवले असतील का?

---

खडू आणि फळा

ठरवूनच. पडद्याची दांडी बघा, ती खोलीच्या कुठल्याही भिंतीला टेकत नाही. चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. पण पडद्यावरचा उजेड मात्र खोलीतल्या खिडकीचा वाटतो. अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा.

---

अजिंक्यतारा

पुढच्या महिन्यासाठी चित्र ठरवलंय, व्हर्मीरचंच, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं 'तराजू धरलेली स्त्री'. साधारण १६६४ चं. तिथेही खिडकी डावीकडे, टेबलावर मोत्यांच्या माळा, मागे भिंतीवर एक मोठं चित्र, आणि या वेळी ते झाकलेलं कधीच नव्हतं: येशूचा अंतिम न्याय, म्हणजे जगाच्या शेवटी तो करणार असलेला निवाडा. १६९६ च्या अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात ही बाई सोनं तोलतेय असं लिहिलं होतं. नंतर लोक मोती म्हणू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हा पारड्यांत सोनंही नाही, मोतीही नाही, पारडी रिकामी आहेत आणि नुसता उजेड चमकतोय.

उत्तरमांड, तुम्ही अंतिम न्यायापासून सुरुवात कराल हे माहीत आहे. गुरुजी तराजू धरलेल्या हातापासून करतील. वाठार स्टेशन, तुम्हीही या, सदाशिव पेठेतला पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो. येताना शक्य असेल तर मागचं काही वाचून येऊ नका.

---

वाठार स्टेशन

येतो. चुलतीची सून शाळेत शिक्षिका आहे, तिला घेऊन येऊ का? तिने चित्र बघितलं, म्हणते पत्र धाडायचं आहे, आलेलं नाही, पुन्हा एकदा वाचून बघतेय काही चुकलं का.